पेट्यांचं वजन

जोतिरामने शेवटचा बोल्ट आवळला आणि उजवीकडच्या लोखंडी पेटीवर बसून दोनदा जोर दिला. पेटी हलली नाही.

"बगा गुर्जी. गाडी मोडंल, पण पेटी न्हाय."

"गाडी मोडल्यावर मग पेटी डोक्यावर घेऊन जाऊ म्हणतोस?" हिंदुराव गुरुजी हसले.

जेऊरच्या स्टेशनरस्त्यावरचं ते गॅरेज सकाळी दहालाच तापलं होतं. गुरुजींची जुनी मोटारसायकल डबल स्टँडवर उभी होती. उजव्या अंगाला जोतिरामने स्वतः पत्रा कापून घडवलेली पेटी, डाव्या अंगाला गुरुजींच्या मुलीने, अपेक्षाने, पुण्याहून पाठवलेल्या जोडीतला फायबरचा काळा डबा. पेटीची जोडी ठेवायची की डब्याची, ते आज ठरायचं होतं. डावीकडचा साडीगार्ड काढून भिंतीला टेकवला होता. गुरुजींची बायको, राजाबाई, गेल्यापासून त्याचं काही काम उरलं नव्हतं.

सोमवारपासून गुरुजी धरणकाठच्या वस्तीवर जाणार होते. पट पाचवर आला म्हणून तिथली शाळा जूनमध्ये बंद झाली होती. दुसरी शाळा नऊ किलोमीटरवर. पाचही पोरं शेरडांमागे हिंडत होती. पोरं शाळेत जाऊ शकत नाहीत, तर शाळाच गाडीवर घालून न्यायची, असं गुरुजींनी ठरवलं होतं.

"नुसतं बघून ठरवायचं नाही," गुरुजी म्हणाले. "करून बघायचं."

त्यांनी पेटीत एक खडू ठेवला, डब्यात एक ठेवला. दोन्ही झाकणं लावली. जोतिरामने बादली उचलली.

"थांब. काय होईल, ते आधी सांग."

"डब्यात पानी शिरंल."

"का?"

"चौथीत बी तुमी असंच 'का' म्हनायचा. म्हनून तर मी पळून जायचो."

"आणि मी तुला चिंचेखाली गाठायचो. ओत."

जोतिरामने बादली रिकामी केली. गुरुजींनी पेटीतला खडू काढून पेट्रोलच्या टाकीवर रेघ ओढली. पांढरी, सरळ रेघ उठली. डब्यातला खडू भिजला होता. त्याची रेघ उठलीच नाही. गुरुजींनी तो पुन्हा डब्यातच टाकला.

"पेटी पास."

जोतिरामचा चेहरा फुलला. त्याने डबा उतरवून डावीकडेही लोखंडी पेटी चढवली. गुरुजी एकेक वस्तू आत ठेवू लागले. पृथ्वीचा गोल. पाच पाट्या. वस्तीवरच्या पूनमसाठी मण्यांची चौकट, तिला बेरीज बोटांवर जमत नाही म्हणून. शिवराजसाठी चित्रांची पुस्तकं. भिंग, लोहचुंबक. संस्कृतीसाठी गोष्टींचं जाड पुस्तक. ती एकदाच वाचते आणि सगळ्यांना सांगत सुटते.

मग त्यांनी हँडल धरलं आणि गाडी पुढे रेटली. गाडी स्टँडवरून उतरली, डावीकडे कलली आणि गुरुजींचा शस्त्रक्रिया झालेला गुडघा मुडपला. जोतिरामने कॅरिअर धरलं म्हणून गाडी आणि गुरुजी वाचले.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा जोतिराम आधीच मागे उभा राहिला होता.

"पत्रा लई जाड घेतला मी," तो म्हणाला. "जल्मभर टिकावी म्हनून घेतला. डबेच लावतो गुर्जी. पावसात वरनं प्लॅस्टिक बांधा."

त्याने दोन्ही पेट्या उतरवून दोन्ही डबे चढवले. पृथ्वीचा गोल डब्यात मावेना, म्हणून तो बाकावर राहिला. बाकी सगळं भरलं. गाडी उतरली आणि कलली. गुडघा तसाच मुडपला.

चूक आपल्या पेटीत नव्हती, हे कळल्यावर जोतिरामला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मी येतो की संगट," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी दुकान उशिरा उघडीन."

"आणि मंगळवारी? बुधवारी?"



गुरुजींनी दोन्ही डब्यांची झाकणं उघडली. आधी पाट्या काढल्या. गाडी कललीच. मग शिवराजची पुस्तकं काढली. मग भिंग, लोहचुंबक. जोतिरामने जमिनीवर पोतं अंथरलं. दरवेळी गुरुजी हँडलला जाऊन हात घालत, गाडी उतरवून बघत आणि जोतिराम ती ओढून पुन्हा स्टँडवर लावी. मण्यांची चौकट गुरुजींनी जरा वेळ हातात धरली.

"पूनम हळू शिकते," ते म्हणाले. "पण शिकलेलं विसरत नाही."

मग तीही पोत्यावर ठेवली. संस्कृतीचं पुस्तक सगळ्यात शेवटी निघालं.

या खेपेला गाडी उतरली आणि उभी राहिली. गुडघा थरथरला, पण टिकला. गुरुजींच्या कपाळावरून घाम गळत होता. दोन्ही मुठी हँडलवर पांढऱ्या पडल्या होत्या.

"जमलं बघ."

जोतिरामने पोत्याकडे बघितलं. पुस्तकं उचलून बाकावर ठेवावीत असं त्याला वाटलं, पण हात ऑइलने काळे होते.

"गुर्जी, डब्यात काय बी न्हाय आता."

"खडू आहे की."

"त्यो भिजलाय."

"वाळेल," गुरुजी म्हणाले. ते जागचे हलले नव्हते. "तू आधी मला गाडी स्टँडला लावून दे."