मासे शांत आहेत

"अहो ताई, दिवा हिरवा आहे. भरा ना पाणी," पाणी सोडणारा लोखंडे म्हणाला.

सुहासिनी कळशी घेऊन नळाशी तशीच उभी राहिली. घरी पोर पावडरच्या दुधासाठी रडत होतं, आणि पाण्याला केमिकलचा उग्र वास येत होता. गावात येणारं पाणी तपासणीसाठी आधी यंत्रातल्या माशांच्या अंड्यांवरून जायचं. ती अंडी नळावरच्या स्क्रीनवर मोठी करून दाखवायचे. यंत्र मध्येच त्यांच्यावर उजेड मारायचं आणि आतली पिल्लं टुणकन उसळायची. आज उजेड पडला, पण एकही पिल्लू हललं नाही.

"ही हलत का नाहीत?"

"शांत आहेत. त्यांनी तडफड केली तरच नळ बंद होतो. वरूनच तसं सेट केलंय. शांत म्हणजे पाणी चांगलं."

"वरचे सगळे शहाणेच दिसतायत! गेल्या महिन्यात माझे सासरे शांत झाले. त्यांचीही तब्येत चांगली म्हणायची का?"

लोखंडे वरमला. "तडफड दिसली असती ना ताई, तर मीच..."

"तडफडायला जीव लागतो, लोखंडेभाऊ!"

तिने कळशी आपटली आणि नळामागचं मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवून पाणीच बंद केलं. लगेच यंत्राचा भोंगा वाजला. आतून गोड आवाज आला, "पाणीपुरवठ्याला धोका! चाकाजवळच्या बाईंना दूर करा."

"हे बरं कळलं मेल्याला!" सुहासिनी ओरडली.