हातगुण

दोन वर्षं मनुबाईच्या मनावरचं मळभ हटत नव्हतं. घास गिळवत नव्हता, जात्यावर बसली तरी ओवी ओठांवर येत नव्हती. अंगारे-धुपारे करून थकल्यावर नवरा रवळू तिला दर शनिवारी बैलगाडीनं पिरनवाडीहून वडगावच्या वैद्यांकडे नेऊ लागला.

तिथं गर्दी एवढी की ओसरीवर बसल्या बसल्या उन्हं कलायची. बायका पदराला पदर लावून मन मोकळं करायच्या.

"सासू म्हणती, मला भूत लागलंय. म्हटलं, तुमच्या घरात भूत तरी टिकंल व्हय?" एक म्हणाली, तशा सगळ्या खळखळून हसल्या. दुसरीनं मनुबाईचा हात धरला. "मला बी तुझ्यावानीच हुतंय गं. उजाडूच नये वाटतंय."

श्रावण सरता सरता मनुबाई भाकरी मागून खाऊ लागली. एका पहाटे जात्यावर तिची ओवी ऐकू आली आणि अंथरुणात रवळूचे डोळे भरून आले.

"वैद्यांच्या हाताला लई गुण हाय!" तो गावभर सांगत सुटला. वैद्यांच्या कडू पुड्या मनुबाई कधीपासून चुलीत टाकत होती, पण त्याचा आनंद बघून ती गप्प राहिली.

पुढच्या शनिवारी, महायुद्धाच्या महागाईतही, रवळूनं वैद्यांपुढं गुळाची अख्खी ढेप ठेवली आणि हसत हसत बाहेर आला.


"मने, तुझं हाल संपलं बघ! आता ओसरीवर बसायचंच न्हाय. आल्या आल्या थेट आत, आन् लगीच घराकडं."