परकी जखम

कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांजवळ नागकुळातली तारिणी आणि गरुडकुळातला सुपर्ण तलवारी उपसून समोरासमोर ठाकले. दरवर्षी दोन्ही कुळं त्यांना लढवत, आणि दरवर्षी ते एकमेकांना जपून वार करत. आज मात्र सुपर्णच्या खांद्यावर ताजी जखम होती आणि ती तारिणीनं केलेली नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “कोणाशी लढून आलास?” “लालबागेत एक यक्षिणी भेटली.” “सुंदर होती? सच सांग.” “होती.” “मग जा तिच्याकडेच. इथे कशाला आलास?” “ती तुला मारायला निघाली होती, मी आडवा आलो. तिच्या तलवारीला विष होतं बहुतेक,” म्हणत सुपर्ण कोसळला. दोन्ही कुळांदेखत तारिणीनं त्याला मांडीवर घेतलं आणि जखमेला ओठ लावून विष शोषून घेतलं. त्यानं डोळे उघडले. “अगं, शत्रू आहे तो,” तिचे मामा ओरडले. “माझा आहे,” ती म्हणाली.