एका तारेवर दोन घरं

आर्लन स्वयंपाकघरातच कोसळला. त्याच्या बायकोनं, ओपलनं, त्याचा शर्ट टराटरा फाडला, दवाखान्यानं दिलेल्या पेटीच्या दोन चकत्या छातीवर चिकटवल्या आणि पेटी फोनला जोडली. हृदयाला विजेचा झटका शंभर मैलांवरून नर्स देणार होती.

"बाई, ठोके इथवर पोचतच नाहीयेत!" पेटीतून नर्स ओरडली. "लाइनवर आणखी कोणीतरी आहे. त्यांना आधी फोन ठेवायला सांगा!"

खोऱ्यातल्या दोन घरांना फोनची तार एकच. आर्लन फोनवर बोलू लागला, की शेजारची डेल्फिया हळूच फोन उचलून ऐकत बसायची. तीस वर्षं ओपल काही बोलली नव्हती.

"डेल्फिया, फोन ठेव."

पेटीतून नुसता श्वास ऐकू आला.

"अगं मेले, जीव चाललाय त्याचा! ठेव!"

"तो बोलत का नाहीये गं?" डेल्फिया हुंदके देत होती.

ओपलचा आवाज एकदम खाली आला. "तू सोडलंस तर बोलेल. ठेव, बाई. बोलायला लागला की मीच तुला घरी बोलावते."

खट्.

"दिसले ठोके! झटका देतेय," नर्स म्हणाली. "आता तुम्हीही सोडा त्यांना."

ओपलनं आर्लनचा हात सोडला.