मकबऱ्याकडे पाठ

"साहेब, उंबरठा ओलांडेपर्यंत मान खालीच ठेवा," वैजू म्हणाली. ओठांवर आलेलं 'चाचा' तिने गिळलं.

लतीफचाचांनी एकतीस वर्षं लोकांना मकबरा दाखवला होता. वैजूलाही गाईडचं काम त्यांनीच शिकवलं. पण गाईड उभा राहतो तो मकबऱ्याकडे पाठ करून, समोरचे चेहरे बघत. त्या चेहऱ्यांवरचं पहिल्या नजरेचं नवल एकदा स्वतः अनुभवायचं, म्हणून निवृत्त झाल्यावर चाचांनी आठवणी पुसणाऱ्या दवाखान्यात जाऊन मकबऱ्याची सगळी आठवण पुसून घेतली. वैजूची ओळख इथलीच, तीही पुसली गेली. जाण्याआधी ते एवढंच म्हणाले होते, "पहिल्यांदा तूच दाखव, बेटा."

"हं, आता बघा वर."

आज पाठ वैजूची होती. चाचांच्या हातातली टोपी खाली पडली, ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

वरची नजर न काढता ते म्हणाले, "असं ऐन वेळी वर बघायला लावायचं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या उस्तादांनी."

"भेटले तर माझा सलाम सांगा त्यांना."

वैजूने टोपी उचलून दोन्ही हातांनी त्यांना दिली, आणि तिथल्या तिथे सलाम पोचवला.