नाव घ्या, काकू

"हे कुठे आहेत?" सविताबाईंनी पुन्हा विचारलं.

रखमाजी गाडीची पुढची काच पुसत होता. त्यानं फडकं पिळून आरशावर वाळत टाकलं. "बाई, च्या निवतोय. आदी पिऊन घ्या."

"तुम्ही रोज हेच सांगता. मला ह्यांच्याकडे न्या."

शेजारच्या गाडीच्या पायरीवर तीळ निवडत बसलेल्या मुक्ताताईंना राहवलं नाही. ताट बाजूला ठेवून त्या आल्या. "अहो काकू, हेच तर तुमचे हे! समोर उभे आहेत आणि तुम्ही शोधताय कुठे?"

सविताबाईंनी रखमाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याच्या अंगातल्या राखाडी स्वेटरवर त्यांची नजर थांबली. "स्वेटर ह्यांचाच आहे. मीच विणलाय. पण हे ते नाहीत."

मुक्ताताईंनी पदरानं डोळे टिपले. रखमाजी चहाचा कप घेऊन तसाच उभा राहिला.

कुरवंड्याच्या त्या माळावर थंडीचे महिने काढायला म्हातारी जोडपी येत. मुलं सातासमुद्रापार आणि गुडघे जागेवर नाहीत, अशी सगळी मंडळी. एकेकाची गाडी म्हणजे चाकांवरचं घर, आत पलंग, ओटा, देवसुद्धा. दुपारी नागफणीच्या सुळक्याकडे तोंड करून उन्हात बसायचं आणि एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करायची, हा मोठा उद्योग.

सविताबाई पूर्वी पवना धरणाच्या काठी उतरायच्या. यंदा ही नवी जागा रखमाजीनंच निवडली होती. तिथली ओळखीची माणसं हळहळतात आणि बाई बावरतात, असं त्यानं बाईंच्या मुलीला, समीक्षाला, फोनवर सांगितलं होतं.

इथं मात्र त्याचं फार कौतुक झालं. बाई उतरण्याआधी तो पायरीखाली स्टूल ठेवायचा. त्यांचं जेवण झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. रात्री बाई घाबरतात म्हणून पुढच्या सीटवर अंग मुडपून झोपायचा. "नवरा असावा तर असा," बायका म्हणायच्या, आणि त्यांचे नवरे मुकाट्यानं पेपरात डोकं घालायचे. बाई तळेगावच्या शाळेत शिकवायच्या, बोलणं अगदी स्वच्छ. हा आंबीचा, अस्सल मावळी. मुक्ताताईंना त्यातही प्रेमविवाह दिसला होता. त्यांनी तसं विचारलं तेव्हा रखमाजीनं लाजून मान खाली घातली होती.

"समीक्षा आज येणार ना?" आता त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय. बाईस्नी बंगळूरला नेनार, कायमचं. गाडी बी इकनार म्हन्ती."

"आणि तुम्ही?"

"मी जाईन आंबीला."

"म्हणजे या वयात ताटातूट? ठणकावून सांगा की तिला!"

"मला कोन इचारतंय, ताई."

ते खरंच होतं. समीक्षानं फोनवर बॅगा भरून ठेवा एवढंच सांगितलं होतं. उद्यापासून सकाळी चहा कुणासाठी करायचा, हे त्याला कळत नव्हतं. जाण्याआधी बाईंनी एकदा, फक्त एकदा आपलं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि हल्ली बाई जरा विरघळू लागल्या होत्या. सगळेच सांगतात म्हणजे असेल, माझंच डोकं फिरलंय, असं त्या कालच पुटपुटल्या होत्या.

दुपारी दोन गाड्यांच्या मध्ये कापड बांधून संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मुक्ताताईंनी सविताबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं, हातात तिळगूळ ठेवला. मग एकच गलका झाला. "नाव घ्या, काकू, नाव घ्या!"

सविताबाई वर्गात उभ्या राहाव्यात तशा ताठ उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत लागला.

"तिळाच्या लाडवाला गुळाची गोडी,
दिनकररावांची नि माझी जन्माची जोडी."

कुणीच टाळी वाजवली नाही. "वडिलांचं नाव घेतलं वाटतं," मागून कुणीतरी कुजबुजलं.

मुक्ताताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, रखमाजी म्हणा. रखमाजी."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकेका बाईकडे पाहिलं. सगळ्याजणी मायेनं माना डोलवत होत्या.

"माझं चुकलं?"

"हो. पण असू द्या, पुन्हा घ्या."

रखमाजी पाण्याचा जग धरून कडेला उभा होता.

"तिळाच्या लाडवाला गुळाची गोडी," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "रखमाजींची... नि माझी जन्माची जोडी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजातच बाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं, "बरोबर ना?"

त्यानं मान डोलावली. हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता ते गिळवत नव्हतं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात लोणावळ्याकडून आलेली टॅक्सी माळावर थांबली. समीक्षा उतरली. सविताबाई तिळगूळ मुठीत धरूनच लगबगीनं पुढे गेल्या.

"बरं झालं आलीस गं! किती दिवस वेड्यासारखी शोधत होते मी. ह्या सगळ्यांनी आठवण करून दिली. बघ, आता नीट आठवलं." त्यांनी रखमाजीला बाहीला धरून ओढत आणलं आणि त्याच्या शेजारी, त्याला खेटून उभ्या राहिल्या.

समीक्षानं आधी आईच्या कपाळाकडे पाहिलं. मग रखमाजीकडे.

"ड्रायव्हरकाका," ती म्हणाली, "बाबांच्या तेराव्यानंतर हा स्वेटर मी कपाटात ठेवला होता. तो तुमच्या अंगात कसा?"