डाव्या हाताची बाही

भर मे महिन्यात शाहरुख फुल्ल बाहीचा शर्ट घालून रक्तपेढीत आला होता. रक्त द्यायला त्यानं उजवा हात पुढं केला.

"सहा महिन्यांत अंगावर काही गोंदलं काय? नवी लागण तपासणीत लवकर सापडत नाही," तिथल्या बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम," त्यानं बेधडक ठोकून दिलं. हो म्हटलं असतं तर त्याचं रक्त घेतलं नसतं, आणि बदली पिशवी दिल्याशिवाय बायकोच्या भाचीला, थॅलेसेमियाच्या फलकला, रक्त मिळालं नसतं. आपलं रक्त जाईल दुसऱ्याच कोणाले तरी, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

संध्याकाळी नर्स वॉर्डात पिशवी घेऊन आली. "तपासणी चांगली आली. पोरीले ताजं रक्त लागते, म्हणून तुमचंच आणलं."

फलकची आई नूरबी त्याला दुवा देऊ लागली. डाव्या बाहीचं बटण शाहरुख नुसता चाळवत राहिला. सैलानीच्या यात्रेत गोंदणाऱ्याच्या एकाच सुईसमोर लागलेली रांग डोळ्यांपुढून हटेना. फलकनं सवयीनं हात पुढं केला.

"थांबा! देऊ नका ते!" ओरडतच त्यानं डावी बाही वर सारली.

नूरबीनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! गोंदलं? काऊन?"

पहिलीतली फलक पलंगावरून वाकली आणि त्याच्या हातावर बोट फिरवत वाचू लागली, "फ... ल... क. खालू, हे तं माझंच नाव हाय!"